विनोबांची आठ अक्षरे

आचार्य विनोबा भावे यांचे नाव माहीत नाही असा माणूस आपल्या नालवाडीत सापडणार नाही. ते १९३२ सालच्या डिसेंबरात इथे राहायला आले आणि १९३८ साली पवनारला गेले. भूदानासाठी ते देशभर पायी फिरले, हे तर आपल्या आजोबांनाही ठाऊक आहे. म्हणून ते मी लिहीत नाही. मी त्यांच्या आईचे आणि गीताईचे सांगणार आहे.

विनोबांचे खरे नाव विनायक नरहर भावे. जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणातल्या गागोदे गावी झाला. आईचे नाव रुक्मिणीबाई. ती त्यांना विन्या म्हणायची. ती जास्त शिकलेली नव्हती पण फार भाविक होती. एकदा तिने देवाला एक लाख तांदळाचे दाणे वाहायचे ठरवले. रोज बसायची आणि एक एक दाणा मोजायची. वडील हिशेबी होते. त्यांनी सुचवले की थोडे तांदूळ मोजून त्यांचे वजन करावे आणि त्यावरून लाखाचा हिशेब काढावा. आईने विन्याला विचारले. त्याने सांगितले की दाण्यागणिक देवाची आठवण होते, म्हणून मोजलेलेच बरे. मला तर वडिलांची युक्ती पटली होती. लाख दाणे मोजायचे म्हणजे काय खेळ आहे काय! पण आई मोजतच राहिली.

पुढे ते सगळे बडोद्याला राहत. तिथे आई गीतेवरचे प्रवचन ऐकायला गेली. संस्कृत श्लोक तिला काही समजेना. तिने विन्याला मराठी गीता आणायला सांगितली. त्याने साध्या गद्यातली आणली. तिला ओव्यांसारखी म्हणता येईल अशी पाहिजे होती. मग त्याने वामन पंडितांची आणली. ती तिला कठीण गेली. तेव्हा आईने मुलालाच सांगितले की तूच का करत नाहीस, तुला जमेल. विन्या तेव्हा कॉलेजात जाणारा पोरगा होता.

१९१६ साली ते परीक्षेला म्हणून निघाले आणि काशीला गेले. तिथून ते गांधीजींच्या आश्रमात आले. १९१८ साली इन्फ्लुएंझाची मोठी साथ आली, त्यात आई वारली. मराठी गीता तेव्हा झालीच नव्हती. १९२१ साली गांधीजींच्या सांगण्यावरून विनोबा वर्ध्याला आले.

आता हे काम किती कठीण होते ते सांगतो. आमच्या वर्गात इंग्रजीच्या तासाला शब्दांचा खेळ असतो. बाई सांगतात, चार अक्षरांचा शब्द द्या, त्यात के पाहिजे. मग कोणी बुक म्हणते, कोणी केक, कोणी मिल्क. किचन चालत नाही, त्यात के आहे पण अक्षरे सात होतात. एक गंमत बघा. मिल्क इंग्रजीत चार अक्षरांचा, आणि आपल्या लिपीत दोनच अक्षरांचा, मि आणि ल्क. जोडाक्षर एकच धरायचे.

गीतेत असाच नियम आहे, पण तो ओळभर पाळायचा. अनुष्टुभ छंदात एका चरणात आठ अक्षरे. असे चार चरण, म्हणजे एका श्लोकात बत्तीस. वरून पाचवे अक्षर ऱ्हस्व पाहिजे आणि सहावे दीर्घ. सातव्याचाही नियम आहे. गुरुजींनी फळ्यावर लिहून दाखवले, नालवाडी माझे गाव. मोजा, आठ भरतात. पण पाचवे अक्षर मा, ते दीर्घ. म्हणून चालत नाही. मग लिहिले, नालवाडीमधे शाळा. हे बसते. (पुस्तकात मध्ये लिहितात, पण इथे मधेच लागते. काहून, ते नंतर सांगतो म्हणाले.)

गीतेत ७०० श्लोक आहेत. काही श्लोकांच्या चरणात अकरा अक्षरे असतात. पण सगळे बत्तीसचेच धरले तरी २२,४०० अक्षरे होतात. मी गुणाकार दोनदा केला. आणि नुसती अक्षरे भरून भागत नाही. अर्थ गीतेचाच पाहिजे आणि शब्द आईला कळेल असा पाहिजे. अर्थ बसला तर अक्षर जास्त होते, अक्षर बसले तर शब्द कठीण होतो. एका शब्दासाठी किती वेळ थांबावे लागत असेल!

विनोबांनी ७ ऑक्टोबर १९३० रोजी वर्ध्यात सुरुवात केली. आई गेल्याला तेव्हा बारा वर्षे झाली होती. ६ फेब्रुवारी १९३१ रोजी काम पूर्ण झाले. म्हणजे १२३ दिवस. दिवसाला पाच-सहा श्लोक पडतात. नाव ठेवले गीताई. त्यात गीता आहे आणि आई पण आहे.

मला सर्वात आवडले ते पुढचे. लिहून झाल्यावर त्यांनी ती आश्रमातल्या लहान मुलींना शिकवली. मुलींना जो शब्द अडला तो त्यांनी बदलला. एवढे मोठे विद्वान, आणि परीक्षा घेणाऱ्या लहान पोरी! आई तर नव्हती, मग दुसऱ्या कोणाला विचारणार?

१९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते, तेव्हा गीताई छापून निघाली. त्याच तुरुंगात ते दर रविवारी कैद्यांना गीता सांगत आणि साने गुरुजी ती लिहून घेत. सुटून आल्यावर त्याच वर्षी ते नालवाडीला आले. म्हणजे गीताई आपल्या गावात लिहिलेली नाही, वर्ध्याची आहे. इथे ते सूत कातून त्या मजुरीवर राहात. तब्येत फार खालावली म्हणून पवनारला गेले. तिथेच १५ नोव्हेंबर १९८२ रोजी त्यांनी देह ठेवला.

गीताईच्या लाखो प्रती घरोघरी गेल्या. वर्ध्याला गोपुरीत गीताई मंदिर आहे, १९८० साली विनोबांच्याच हस्ते ते सुरू झाले. त्याला छप्पर नाही आणि आत मूर्ती नाही. नुसत्या उभ्या शिळा आहेत आणि त्यांवर गीताई कोरली आहे. पालकांनो, मुलांना घेऊन जा. तिथे गेलात की कोणत्याही शिळेपुढे उभे राहून बोटांवर अक्षरे मोजा. जोडाक्षर एकच धरायचे, हे विसरू नका.

इयत्ता चौथी