स्वेन विंगक्विस्ट : बेअरिंगला लवचीकता देणारा अभियंता

गोदामातील फोर्कलिफ्टचे काटे ज्या उभ्या सांगाड्यातून वर-खाली होतात, त्या मास्टमधील एखादे बेअरिंग झिजले की मालाची चढ-उतार थांबते. तळहातावर मावणारा तो सुटा भाग मिळेपर्यंत लाखो रुपयांचे यंत्र जागेवर उभे राहते. शतकापूर्वी अशाच खोळंब्याने एका तरुण स्वीडिश अभियंत्याला अस्वस्थ केले आणि त्यातून बेअरिंग उद्योगाला नवी दिशा मिळाली. स्वेन विंगक्विस्ट हे त्यांचे नाव.

विंगक्विस्ट यांचा जन्म १० डिसेंबर १८७६ रोजी स्वीडनमधील हाल्सबर्ग येथे झाला. ओरेब्रो येथे तांत्रिक शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी वस्त्रोद्योगाचा अभ्यास केला. १८९९ मध्ये ते गोथेनबर्गमधील गामलेस्टाडेन कापड गिरणीत रुजू झाले. गिरणीतील यंत्रे चालू ठेवण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती.

त्या काळी छताजवळून जाणाऱ्या लांब शाफ्टवरून पट्ट्यांच्या साहाय्याने यंत्रे फिरत. गिरणी उभी होती ती चिकणमातीवर. जमीन कमी-अधिक खचे, शाफ्टची सरळ रेषा किंचित ढळे आणि ताठर बेअरिंगवर भलताच ताण येऊन ती निकामी होत. बदली बेअरिंग परदेशातून येण्यास फार विलंब लागे. आलेले नवे बेअरिंगही त्याच कारणाने पुन्हा झिजे. जमीन खचणे थांबवणे कोणाच्याही हाती नव्हते. तेव्हा ढळलेल्या शाफ्टशी जुळवून घेईल असे बेअरिंगच घडवायचे, असे विंगक्विस्ट यांनी ठरवले.

१९०७ मध्ये त्यांनी सेल्फ अलायनिंग बॉल बेअरिंगचे पेटंट मिळवले. त्यात गोळ्यांच्या दोन रांगा होत्या आणि बाहेरच्या कड्याचा आतील पृष्ठभाग गोलाच्या आतल्या बाजूसारखा वक्र होता. त्यामुळे शाफ्ट थोडा कलला तरी आतले कडे गोळ्यांसह त्याच्याबरोबर कलत असे व भार दोन्ही रांगांवर विभागला जाई. त्याच वर्षी फेब्रुवारीत गिरणीच्या मालकांच्या पाठबळाने एसकेएफ ही कंपनी स्थापन झाली. १९१२ पर्यंत तिचे प्रतिनिधी ३२ देशांत होते. १९१५ मध्ये तिने नोंदवलेल्या ‘व्होल्वो’ या नावानेच १९२७ मध्ये स्वीडनची प्रसिद्ध मोटार रस्त्यावर आली.

विंगक्विस्ट १९१९ पर्यंत एसकेएफचे व्यवस्थापकीय संचालक होते, त्यानंतर त्यांनी अध्यक्षपद भूषवले. १७ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९६० च्या दशकात पुण्याजवळील चिंचवड येथे एसकेएफचा कारखाना उभा राहिला आणि महाराष्ट्राच्या औद्योगिक पट्ट्यालाही हे नाव परिचित झाले.

फोर्कलिफ्टच्या मास्टमध्ये विंगक्विस्ट यांचे बेअरिंग नसते. तेथे जाड बाहेरच्या कड्याचे रोलर पोलादी खाचेतून धावतात. तरीही त्यांनी दिलेला धडा तेथे तंतोतंत लागू पडतो. खाच झिजली असेल, सांगाडा वाकला असेल किंवा वंगण आटले असेल, तर कितीही उत्तम बेअरिंग बसवले तरी ते अल्पावधीतच निकामी होते. सुटा भाग बदलण्यापूर्वी तो का झिजला हे शोधणे, हाच विंगक्विस्ट यांच्या कार्याचा खरा वारसा आहे.