जेम्स वॉट : मोजमापातून सुधारणा

मोटारगाडीचे इंजिन शक्तिमापक यंत्रावर, म्हणजे डायनॅमोमीटरवर, चालवून त्याची शक्ती मोजावयाची, इंधन व ठिणगी ह्यांची जुळणी करावयाची आणि पुन्हा मोजून पाहावयाचे, ही रीत आज रूढ झाली आहे. तीस पैसा पडतो. तो सार्थकी लागतो काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर ज्याच्या आयुष्यक्रमात सापडते, त्या जेम्स वॉट ह्याचे अल्प चरित्र आम्ही विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहोत.

वॉट ह्याचा जन्म स्कॉटलंडातील ग्रीनॉक बंदरी १९ जानेवारी १७३६ रोजी झाला. लंडन शहरी एक वर्ष उपकरणे घडविण्याची विद्या शिकून तो ग्लासगो विद्यापीठात कारागीर झाला. तेथे न्यूकोमेनच्या वाफेच्या यंत्राची एक लहान प्रतिकृती त्याजकडे दुरुस्तीस आली. दुसरा एखादा कारागीर ती चालती करून मोकळा झाला असता. वॉट मात्र वाफ किती खर्च होते हे मोजीत बसला. तेव्हा उघड झाले की, सिलिंडर वारंवार थंड करून पुन्हा तापविण्यातच बहुतेक वाफ व्यर्थ जाते. वाफ निराळ्या पात्रात थंड करावी व सिलिंडर सदैव तप्त राखावे, ही युक्ती त्यास १७६५ साली सुचली.

युक्ती सुचली, परंतु ती सिद्धीस नेणे फार महाग पडले. १७६९ साली पेटंट मिळाले, तरी पोटासाठी त्यास कालव्यांची मोजणी करीत फिरावे लागले. १७७३ साली त्याची पत्नी निवर्तली. त्याच सुमारास त्याचा भांडवलदार रोबक ह्याचे दिवाळे वाजले. पुढे बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टन ह्याने हात दिला, आणि १७७६ साली मोठी यंत्रे प्रत्यक्ष कामास लागली.

ह्या भागीदारांची मोबदल्याची रीत ध्यानी घेण्यासारखी आहे. जुन्या यंत्राच्या मानाने कोळशाची जी बचत होईल, तिच्या किमतीचा एक तृतीयांश ते खाणमालकांकडून घेत. यंत्राचे फेरे मोजणारे गणकयंत्र कुलूपबंद पेटीत बसविलेले असे. तरीही मालकांची कुरकुर चालूच राहिली. बचत खिशात पडली की तिचे मोल देणे मनुष्यास जड वाटते! यंत्राचे सामर्थ्य घोड्यांच्या मापात सांगण्यासाठी वॉटने मिनिटास ३३,००० फुट-पौंड काम ही एक अश्वशक्ती ठरविली. मोटारींची शक्ती अद्यापि बहुधा ह्याच नावाने सांगतात.

२५ ऑगस्ट १८१९ रोजी वॉट मरण पावला. शक्तीच्या एककास त्याचेच नाव मिळाले असून एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॉट होत.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. नुसते मोजल्याने इंजिनाची शक्ती वाढत नाही. पण मोजल्यावाचून ती वाढली की घटली हे कळणार कसे? ज्या इंजिनाचे भाग बदलले आहेत, त्यास अशा जुळणीचा लाभ पुष्कळ. जे मूळचेच सुस्थितीत आहे, त्यास बहुधा थोडका. म्हणून पैसा देणाराने आधीचा व नंतरचा असे दोन्ही आकडे मागावे आणि त्यांतील अंतरावरून मोल ठरवावे. वॉट स्वतः ह्याच न्यायाने आपले वेतन घेत असे.