थोरोची होडी आणि एक ठिणगी



उन्हाळा लागला की आपल्याकडे कनू घेऊन दोन दिवस नदीकाठी मुक्कामाला जायचे बेत सुरू होतात आणि सगळी चर्चा खाण्यावर येऊन थांबते. म्हणून यंदा यादी करण्याआधी आम्ही हेन्री डेव्हिड थोरोची ओळख करून द्यायचे ठरवले. ज्याचा सविनय कायदेभंगावरचा निबंध गांधीजींनी वाचला होता, तोच हा थोरो. आम्हाला मात्र त्याच्यातला नावाडी हवा आहे.

आपल्या बॉस्टनजवळच्या कॉनकॉर्ड गावी १२ जुलै १८१७ रोजी तो जन्मला. हार्वर्डची पदवी घेतली, घरच्या पेन्सिलींच्या कारखान्यात हात लावला, पुढे जमिनीची मोजणी करून पोट भरले. १८३९ मध्ये त्याने आणि थोरला भाऊ जॉनने स्वतः होडी बांधली. बटाटे, खरबुजे आणि तंबू भरून दोघे कॉनकॉर्ड आणि मेरिमॅक नद्यांतून दोन आठवड्यांच्या सफरीला निघाले. १८४२ मध्ये जॉन धनुर्वाताने गेला. वस्तऱ्याला धार लावताना बोट कापल्याचे निमित्त. त्या सफरीवरच्या थोरोच्या पुस्तकाच्या हजार प्रतींपैकी ७०६ परत आल्या!

आता मुख्य गोष्ट. ३० एप्रिल १८४४. थोरो आणि त्याचा मित्र एडवर्ड होर सडबरी नदीवर होडीने गेले, मासे धरले आणि ते शिजवायला फेअर हेवन तळ्याकाठी झाडाच्या एका खुंटात विस्तव केला. बरेच दिवस पाऊस नव्हता. ठिणगी वाळक्या गवतात गेली. हातापायांनी, होडीतल्या फळीने विझवून पाहिले, पण आग आवरेना. ३०० एकरांहून जास्त रान जळाले. थोरो मदत मागायला धावला खरा, पण नंतर दमून टेकडीवर आग पाहत बसला. गावाने पुढे कित्येक वर्षे त्याला रान जाळणारा म्हणून टोमणे मारले. डायरीत हे सविस्तर लिहायला त्याला सहा वर्षे लागली, आणि तिथेही पश्चात्तापापेक्षा सारवासारव जास्त, असे आमचे मत. (आपल्या सहलीत गॅसची शेगडीच न्यायची, हे आत्ताच सांगून ठेवतो.)

१८४५ ते ४७ तो वॉल्डन तळ्याकाठी राहिला, ते सर्वांना ठाऊक आहे. १८५७ मध्ये मात्र तो मेनच्या जंगलात खऱ्या अर्थाने शिकायला गेला. पेनोब्स्कॉट जमातीचा जो पोलिस हा वाटाड्या, त्याची भूर्जसालीची कनू आणि सोबत पुन्हा होर. एका खडकाळ ओढ्याकाठी चालताना होर चुकला. रात्र झाली, हाका मारून उत्तर येईना. अंधारात शोधायला पोलिस तयार नव्हता. होर सुखरूप सापडला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. चुकल्यास कुठे थांबायचे, हे मुलांना पाण्यात उतरण्याआधीच सांगायला हवे.

पुढच्याच वर्षी व्हाइट माउंटन्समध्ये थोरोने बजावूनही वाटाड्याने विस्तव केला आणि झुडपे पेटली.

६ मे १८६२ रोजी क्षयाने तो गेला, वय ४४. मेनवरचे त्याचे पुस्तक १८६४ मध्ये निघाले. त्याच्या शेवटी सामानाची चक्क चेकलिस्ट आहे: नकाशा, होकायंत्र, खिशातल्या कुपीत वेगळ्या ठेवलेल्या काड्या आणि सहा लिंबे. आपली यादी पुढच्या अंकात देत आहोत. लिंबे कोण आणणार, ते आधी कळवा.