चेंडू चालला, कप्तानी चालली नाही

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सणसवाडी लागते. शिरूर तालुक्यातले, कारखान्यांनी वेढलेले गाव. इथून उलट पुण्याकडे निघाले की आधी कोरेगाव भीमा आणि नदी ओलांडली की पेरण्याचा विजयस्तंभ. १ जानेवारी १८१८ च्या लढाईची साक्ष देणारा तो स्तंभ, ज्याला अभिवादन करण्यासाठी बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी आले होते. आम्ही दरवर्षी तिथे नतमस्तक होतो. पण आज आम्हाला वेगळ्या मैदानावरच्या एका लढवय्याबद्दल लिहायचे आहे.

सुगी संपली की आमच्या भागात मोकळ्या रानांत टेनिस बॉलच्या स्पर्धा भरतात. आठवडाभर कंपनीत कंत्राटावर राबणारी पोरे सुट्टीच्या दिवशी हातात बॅट घेतात. या पोरांना आजच्या खेळाडूंची खडान्‌खडा माहिती असते. कोणाला कोणत्या संघाने किती कोटींना घेतले, हे ती झोपेतही सांगतील. पण पी. बाळू हे नाव घेतले की एकमेकांची तोंडे बघतात. दोष पोरांचा नाही. ज्यांनी क्रिकेटचा इतिहास लिहिला त्यांनी राजेमहाराजांना पहिले पान दिले आणि आमच्या माणसाला तळटीप. आणि खरे सांगायचे तर आपणही त्यांना दूरच ठेवले. का ठेवले, ते पुढे येईलच.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घराणे मूळ कोकणातले, चर्मकार समाजातले. वडील लष्कराच्या चाकरीत, त्यामुळे बाळूंचे बालपण पुण्यात गेले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हेही लष्करातलेच आणि बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतला. गावगाड्याने बंद केलेली दारे आपल्या किती घरांसाठी छावणीने किलकिली केली, याचा हिशेब एकदा मांडायला हवा. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम खेळायला शिकले. शाळा फार झाली नाही. पोटासाठी बाळू पुण्यातल्या पारशांच्या क्लबात कामाला लागले. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रूळ फिरवायचा आणि सभासदांना सराव हवा असला की चेंडू टाकायचा. पगार महिना तीन रुपये.

१८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. पगार चार रुपये झाला. जाळी बांधायची, खेळपट्टी आखायची आणि साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करायची. त्यांत ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज होते. बाळूंनी आपल्याला बाद केले की ते दर वेळी आठ आणे देत, अशी हकिकत सांगितली जाते. ती खरी असेल तर पगारापेक्षा साहेबांच्या दांड्यांवर जास्त कमाई झाली असणार! पण एक गोष्ट ध्यानात घ्या. इतकी वर्षे चेंडू टाकणाऱ्या या पोराच्या हातात त्या क्लबात कोणी बॅट दिली नाही. फलंदाजी मोठ्यांची, गोलंदाजी कष्टकऱ्यांची. वर्णव्यवस्था खेळातही आपली जागा बरोबर शोधून काढते.

डावखुऱ्या हाताने चेंडू वळवणाऱ्या या पोराची कीर्ती शहरभर झाली. पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते आणि गोऱ्यांना बाद करू शकेल असा माणूस गोऱ्यांच्याच मैदानावर झाडू मारत होता. त्याला घ्यायचे की नाही, यावर क्लबात खल झाला. शेवटी जिंकण्याची हाव सोवळ्यापेक्षा वरचढ ठरली. बाळू संघात आले. मैदानात सगळे त्यांनी हाताळलेलाच चेंडू हाताळत. पण चहाची वेळ झाली की सवर्ण खेळाडू आत चिनी मातीच्या कपात चहा पीत आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पानही वेगळे. ज्या हातातून सुटलेला चेंडू चालतो, त्या हाताने धरलेला कप विटाळतो, हे कोणते शास्त्र? उत्तर कोणाकडेच नव्हते. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याला हरवून संघ परतला, तेव्हा बाळूंचे जाहीर कौतुक झाले. न्यायमूर्ती रानड्यांनीही त्यांचा गौरव केला. कौतुकाचे हार पडले, पण भांडे काही बदलले नाही.

पुण्यात प्लेग आला आणि बाळू मुंबईला गेले. तिथे हिंदू जिमखान्याने त्यांना घेतले, पुढे बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरी लागली. १९०६ साली मुंबईत हिंदूंचा सामना युरोपियनांशी झाला. बाळू आणि शिवराम दोघेही खेळले. हिंदूंनी १०९ धावांनी बाजी मारली. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा देशभर जल्लोष झाला. ज्यांच्या जोरावर तो झाला त्यांना देवळाची पायरी चढण्याची मुभा नव्हती, हे जल्लोषात कोणाला आठवले नाही.

आता त्या हंगामाकडे येऊ, ज्यासाठी हा लेख आहे. १९११ च्या उन्हाळ्यात हिंदू, पारशी आणि मुसलमान खेळाडूंचा मिळून एक अखिल भारतीय संघ पहिल्यांदा इंग्लंडला गेला. कर्णधार कोण? पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. वय वर्षे एकोणीस. बाळू तेव्हा पस्तिशीचे, अंगात वीस वर्षांची गोलंदाजी मुरलेली. पण कर्णधारपद अनुभवावर मिळत नव्हते, ते जन्मावर मिळत होते. त्याच वर्षी लंडनमध्ये पंचम जॉर्जचा राज्याभिषेक होता. महाराजांचा बराचसा वेळ दरबारी मेजवान्यांत गेला आणि ते मोजक्याच सामन्यांत मैदानात उतरले.

संघाची दशा फारच वाईट झाली. तेवीस सामन्यांपैकी पंधरा हरले, सहा जिंकले, दोन अनिर्णित राहिले. प्रथम दर्जाच्या चौदा सामन्यांत तर दहा पराभव आणि दोनच विजय. परके हवामान, परक्या खेळपट्ट्या आणि एकामागून एक सामने. पण या पडझडीत एक माणूस रोज उभा होता. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध बाळूंनी एका डावात १०३ धावांत आठ गडी बाद केले. जुलैमध्ये लेस्टरशायरला हरवून संघाने पहिला मोठा विजय मिळवला, त्यात बाळूंच्या फिरकीचा मोठा वाटा होता. पुढे सॉमरसेटविरुद्ध शिवरामांनी नाबाद शतक ठोकले आणि संघ अवघा एक गडी राखून जिंकला. म्हणजे त्या दौऱ्यातले प्रथम दर्जाचे दोन्ही विजय पालवणकर बंधूंच्या कर्तबगारीवाचून सांगताच येत नाहीत. हंगामाच्या अखेरीस बाळूंच्या नावावर ११४ बळी होते, सरासरी १९ धावांच्याही आत. त्यांतले ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांतले. हरणाऱ्या संघाकडून, दुखऱ्या खांद्याने, दुसऱ्या टोकाकडून पुरेशी साथ नसताना घेतलेले हे बळी आहेत. क्रिकेट कळणाऱ्याने या आकड्यांपुढे क्षणभर थांबावे.

मायदेशी परतल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने लिहिले होते, असे चरित्रकार नोंदवतात. त्या तरुणाचे नाव भीमराव आंबेडकर. वाचकहो, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. विशीतले बाबासाहेब एका गोलंदाजाच्या गौरवासाठी शब्द जुळवत आहेत, कारण या माणसाने आपली गुणवत्ता जगाच्या मैदानावर सिद्ध केली होती.

मग तरी हिंदू संघाची कप्तानी मिळाली का? नाही. १९१२ पासून हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे चार संघांचे सामने सुरू झाले. बाळू, शिवराम, विठ्ठल आणि गणपत असे चार सख्खे भाऊ हिंदूंकडून खेळले. कर्णधार मात्र दुसराच. कर्णधार असलेल्या एम. डी. पै यांनीही हा मान बाळूंचा असल्याचे जाहीरपणे कबूल केले होते. १९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी कर्णधार निवडीतल्या जातिभेदाचा उघड निषेध करून संघाबाहेर राहणे पत्करले. हा आपल्या खेळाडूंनी केलेला बहिष्कार होता, महाडच्या सात वर्षे आधी. ओरड झाली आणि अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलवावे लागले. सामना चालू असताना पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्यापुरते बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. हक्काचे पद शेवटी उसने मिळाले, तेही काही तासांचे. पूर्ण मान भावाच्या वाट्याला आला. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने अजिंक्यपद पटकावले.

आता अवघड भाग. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी बाळू स्वतंत्र मतदारसंघाच्या विरोधात उभे होते. करारावर बाबासाहेबांच्या सहीबरोबर त्यांचीही सही आहे. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर त्यांनी धर्मांतराला विरोध केला. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्यांचे मानपत्र लिहिले त्यांनाच मतपेटीत हरवण्याची वेळ बाबासाहेबांवर आली. ४ जुलै १९५५ रोजी बाळू मुंबईत वारले. आपल्या चळवळीने त्यांचे नाव फारसे घेतले नाही, ते या कारणाने.

आम्ही याचा पुष्कळ विचार केला. बाळूंची राजकीय वाट चुकली, असेच आमचे मत आहे. पण त्यांना गद्दार ठरवून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. संघात घेतले म्हणजे हळूहळू पंगतीतही घेतील, ही आशा त्यांनी आयुष्यभर बाळगली. माणूस आशेवर जगतो. शिवाय त्यांना मत देणारे ११,२२५ लोकही आकाशातून पडले नव्हते. मात्र बाळूंच्या राजकारणाला सर्वांत सडेतोड उत्तर बाळूंच्याच क्रिकेटने दिले आहे. दुसऱ्याच्या मर्जीने संघात जागा मिळते, घाम गाळायला मिळतो, हारही मिळतात. निर्णय घेण्याची जागा मिळत नाही. ती मिळवायची तर आपला प्रतिनिधी आपण निवडायचा, हेच तर बाबासाहेब स्वतंत्र मतदारसंघ मागताना सांगत होते. बाळूंनी मैदानावर जे भोगले, त्याचेच राजकीय निदान बाबासाहेबांनी केले.

म्हणून आमची विनंती आहे. आपल्या भागात स्पर्धा भरवाल तेव्हा एखादा चषक बाळू पालवणकरांच्या नावाने ठेवा. बक्षीस देताना पोरांना त्यांची गोष्ट सांगा आणि ती पुरी सांगा. ११४ बळी सांगा, मातीचे भांडे सांगा, १९३७ ची निवडणूकही सांगा. आणि कंपनीत दहा वर्षे यंत्र चालवूनही ज्याचे नाव कायम कामगारांच्या यादीत लागत नाही, त्या पोराला एवढेच विचारा, तुझ्या संघाचा कप्तान कोण ठरवतो?