डेल्फ्टचा सूक्ष्मदर्शी

हॉलंडमधील डेल्फ्ट नगरीत १६३२ साली जन्मलेला लेव्हेनहूक कापडाचा व्यापार करी. विद्यापीठाची पायरी तो कधीच चढला नाही. परंतु भिंगे घासून सूक्ष्मदर्शक बनविण्याचा त्यास विलक्षण छंद होता. पाण्यात असंख्य सूक्ष्म जीव दिसल्याचे त्याने १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले, तेव्हा विद्वानांस ते खरे वाटेना. पुढील वर्षी रॉबर्ट हुकने ते जीव प्रत्यक्ष दाखविले आणि शंका फिटली. १६८१ साली पोट बिघडले असता स्वतःच्या मळात व १६८३ साली दातांवरील कीटणातही लेव्हेनहूकने सूक्ष्म जीव पाहिले. अशांपैकी काही जीव रोगांस कारण होतात, हे एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाले. त्या ज्ञानाचे पहिले दार एका व्यापाऱ्याच्या चिकाटीने उघडले होते.