खुर्ची सोडल्यानंतरची पस्तीस वर्षं

आपल्या १९८२ च्या दहावीच्या तुकडीतला एक मित्र या वर्षी न्यायाधीशपदावरून निवृत्त होतोय, हे बहुतेकांना ठाऊक आहेच. स्नेहमेळाव्यात त्याचा सत्कार होईल, शाल-श्रीफळ होईल. त्याच्यावर लेख लिहिलेला त्याला आवडायचा नाही, म्हणून मी दुसऱ्याच एका न्यायमूर्तींबद्दल लिहितोय. वाचेल तो आणि काय ते समजेल.

विठ्ठल महादेव तारकुंडे यांचा जन्म ३ जुलै १९०९ चा, सासवडचा. वडील तिथे वकिली करत आणि अस्पृश्यतेविरुद्ध उघडपणे उभे राहत. त्या काळच्या तालुक्याच्या गावात याचा अर्थ काय होता, ते आपल्या भागातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. मुलगा पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकला आणि १९२५ साली मॅट्रिकला अख्ख्या मुंबई इलाख्यात पहिला आला. आपल्या वेळी बोर्डात नंबर आलेल्या मुलाचा फोटो पेपरात यायचा. इथे इलाखा म्हणजे गुजरात, कर्नाटक, सिंध सगळं धरून. पुढे त्यांनी घेतली शेतीची पदवी. मग विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि १९३३ पासून पुण्यात वकिली सुरू केली.

राजकारणात ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्यामागे गेले आणि १९४२ साली चांगली चाललेली वकिली सोडून रॉय यांच्या पक्षाचं पूर्णवेळ काम करू लागले. हा पक्ष चले जाव चळवळीच्या विरोधात होता. आधी फॅसिझमचा पाडाव व्हावा, असं त्यांचं म्हणणं. मला ते आजही पटत नाही. पण सगळा देश एका बाजूला असताना दुसऱ्या बाजूला उभं राहायची सवय त्यांना तिथेच लागली असावी. १९४६ च्या निवडणुकीत पक्षाचा धुव्वा उडाला, १९४८ मध्ये पक्षच विसर्जित झाला आणि तारकुंडे पुन्हा काळा कोट घालून मुंबईच्या उच्च न्यायालयात उभे राहिले.

१९५७ साली ते तिथेच न्यायमूर्ती झाले. मराठवाडा नुकताच हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला होता, म्हणजे आपल्या जालन्याची अपिलंही तेव्हा त्याच न्यायालयात जात. बारा वर्षं ते त्या खुर्चीत बसले. उच्च न्यायालयात वयाच्या बासष्टीपर्यंत राहता येतं. त्यांनी १९६९ मध्ये, दोन वर्षं शिल्लक असताना, खुर्ची सोडली आणि दिल्लीला जाऊन सर्वोच्च न्यायालयात वकिली धरली. साठाव्या वर्षी आपण नातवंडांचं बघतो, फार तर मंदिराच्या ट्रस्टवर जातो. त्यांचं खरं काम तिथून सुरू झालं.

१९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्याबरोबर त्यांनी सिटिझन्स फॉर डेमोक्रसी ही संघटना उभी केली. जयप्रकाशजींनी निवडणूक सुधारणांसाठी नेमलेल्या समितीचे तारकुंडेच अध्यक्ष होते. मतदानाचं वय अठरा करा, ही शिफारस त्या समितीच्या अहवालात होती. आठवतंय ना, १९८४ च्या निवडणुकीत आपण अठरा वर्षांचे होतो, दिवसभर चिठ्ठ्या वाटल्या आणि मत मात्र देता आलं नाही? १९८९ पर्यंत कायदा बदलला होता आणि आपल्या धाकट्या भावंडांनी अठराव्या वर्षी मत दिलं.

मग आणीबाणी आली. मिसाखाली हजारो माणसं आत गेली. त्यांत संघाचे होते, समाजवादी होते, मार्क्सवादीही होते. आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा स्थानबद्धांच्या बाजूच्या वकिलांत तारकुंडे होते. स्वतः ते निरीश्वरवादी आणि धर्माच्या राजकारणाचे कडवे विरोधक. २८ एप्रिल १९७६ रोजी निकाल विरोधात गेला; पाचांपैकी एकट्या न्या. खन्ना यांनी वेगळं मत दिलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात, आणीबाणी चालूच असताना, नागरी स्वातंत्र्यासाठी पीयूसीएल स्थापन झाली आणि तारकुंडे तिचे अध्यक्ष झाले.

१९७७ मध्ये सरकार बदललं. सुटून आलेले कित्येक जण मंत्री झाले आणि नागरी हक्कांचा विषय थंडावला. तारकुंडे मात्र आंध्रात गेले. आणीबाणीत तिथे नक्षलवादी म्हणून मारल्या गेलेल्या तरुणांच्या चकमकी खऱ्या होत्या का, हे तपासायला नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. मुलांना आधी पकडलं आणि मग गोळ्या घातल्या, असं समितीने गावांची नावं देऊन मांडलं. नक्षलवाद्यांचा हिंसेचा मार्ग त्यांना मुळीच मान्य नव्हता. खलिस्तानही मान्य नव्हतं. तरी पंजाबातल्या अत्याचारांवर १९८५ मध्ये त्यांच्या संघटनेने अहवाल काढला आणि सरकारने त्यावर बंदी घातली. त्याच वर्षी मुंबईच्या फुटपाथवरच्या माणसांच्या खटल्याचा निकाल लागला. त्यातही ते वकील होते. बाहत्तरच्या दुष्काळात आपल्याकडची किती घरं मुंबईला गेली, हे आठवलं की तो खटला मला परका वाटत नाही. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, हे त्या निकालाने मान्य केलं. झोपड्या काढायला मात्र पावसाळ्यानंतर परवानगी दिली, तेव्हा जिंकलो म्हणावं की हरलो, हे अवघडच.

आता माझी गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गाजलेल्या खटल्यातल्या आरोपीचं वकीलपत्र घ्यायला कुणी तयार नव्हतं. त्याची आई माझ्या ऑफिसात दोनदा येऊन बसली. माझ्या तारखा भरल्यात, असं मी तिला सांगितलं. डायरी कोरी होती. गावात लोक काय म्हणतील, एवढीच भीती होती. तारकुंडे यांच्याबद्दल मी वाचलं ते त्यानंतर, आणि वाचताना ती बाई डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

२२ मार्च २००४ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, दिल्लीत त्यांचं निधन झालं. न्यायमूर्तिपदाची बारा वर्षं आणि नंतरची पस्तीस.

आपला मित्र न्यायाधीश झाला तेव्हा त्याची सनद स्थगित झाली होती. ती पुन्हा सुरू करायचा अर्ज मी आणून ठेवलाय. मेळाव्याच्या दिवशी शाल-श्रीफळासोबत देईन. माझ्या ऑफिसात एक टेबल रिकामं आहे.