काळाच्या पलीकडचे संगीत : ओलिव्हिए मेस्याँ

विसाव्या शतकातील थोर कॅथलिक संगीतकार ओलिव्हिए मेस्याँ यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी फ्रान्समधील आव्हिन्याँ शहरात झाला. वडील इंग्रजीचे अध्यापक, तर आई कवयित्री होती. १९३१ साली पॅरिसमधील पवित्र त्रैक्याच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि ही सेवा त्यांनी अखेरपर्यंत, सुमारे साठ वर्षे केली.

काळ हा त्यांच्या चिंतनाचा विषय होता. अनंतकाळ म्हणजे न संपणारा लांबच लांब काळ नव्हे, तेथे भूत आणि भविष्यच उरत नाही, ही संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण त्यांच्या मनात रुजली होती. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथातील १२० देशी ताल त्यांना एका फ्रेंच संगीतकोशात सापडले. ठरावीक ठोक्यांच्या बंधनातून मुक्त होण्याचा मार्ग त्यांना या तालांत दिसला.

१९४० साली सैन्यात असताना ते जर्मनांच्या हाती सापडले. गोर्लित्झच्या युद्धकैदी छावणीत थंडी होती, भूक होती आणि सुटकेची तारीख कोणालाच ठाऊक नव्हती. कैद्याला दिवस खायला उठतो, तो असा. एका जर्मन अधिकाऱ्याने कागद व पेन्सिली पुरवल्या. प्रकटीकरणाच्या दहाव्या अध्यायातील, काळ संपल्याची घोषणा करणाऱ्या देवदूतापासून स्फूर्ती घेऊन मेस्याँ यांनी व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो व पियानो यांसाठी आठ भागांची रचना केली. १५ जानेवारी १९४१ रोजी छावणीतील बराकीत कैदी आणि पहारेकरी यांनी ती एकत्र ऐकली.

पहिल्या भागात पियानोवर तीन देशी ताल गुंफलेले आहेत. १७ मात्रामूल्ये आणि २९ स्वरसंघ यांची चक्रे एकाच वेळी फिरतात. ती पुन्हा जुळण्याआधीच तो भाग थांबतो. जणू कधीपासून चाललेल्या संगीताचा एक तुकडाच आपल्या कानी पडतो. पाचव्या भागात येशूच्या अनंतत्वाची स्तुती आहे. त्यात चेलोचा एकेक सूर इतका सावकाश उलगडतो की पुढचा सूर केव्हा येईल ही वाट पाहणेच थांबते. जो काळ कैद्यांना छळत होता, तोच येथे प्रार्थना झाला.

१९४१ मध्येच त्यांची सुटका झाली. पुढे त्यांनी पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात अनेक वर्षे अध्यापन केले. २७ एप्रिल १९९२ रोजी ते देवाघरी गेले.

पाचवा भाग जेमतेम आठ-नऊ मिनिटांचा आहे. घड्याळाकडे पाहत प्रार्थना उरकण्याची सवय जडलेल्या आपण सर्वांनी तो एकदा शांतपणे ऐकावा.